मनगट : कथकच्या वर्गातलं एक प्रकरण

हे लिहिण्याआधी मी तिला विचारलं. तिनं मसुदा दोनदा वाचला, दोन गोष्टी काढायला सांगितल्या, त्या मी काढल्या. बदललेलं नावसुद्धा नको म्हणाली. "दुसऱ्या कुणाचं तरी नाव लावून माझी गोष्ट सांगू नका, ताई." म्हणून इथं ती फक्त 'ती' आहे. ओळख पटू नये म्हणून वय, गाव, नोकरी यांतले काही तपशील बदलले आहेत. घडलेलं बदललेलं नाही.

मी पुण्यात कथक शिकवते. मी डॉक्टर नाही, समुपदेशक नाही. नृत्याच्या आधारानं मानसोपचार करण्याचं एक स्वतंत्र शास्त्र आहे. अमेरिकेत १९४०च्या दशकात मॅरियन चेस या नर्तकीनं वॉशिंग्टनच्या मनोरुग्णालयात ते काम सुरू केलं. आपल्याकडे सोहिनी चक्रवर्ती यांच्या 'कोलकाता संवेद'नं २००४पासून मानवी तस्करीतून सुटलेल्या मुलींबरोबर ते केलं आहे. ते शिक्षण माझं झालेलं नाही. माझ्याकडे होता तो एक साधा वर्ग आणि त्यात आलेली एक बाई. माझ्यासारख्या नाच शिकवणाऱ्या अनेकींकडे अशी कुणीतरी येतेच, आणि बहुतेक वेळा आपल्याला कळतही नाही. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पार्श्वभूमी

जून २०२२मध्ये ती आठ वर्षांच्या लेकीला घेऊन आली. कोविडनंतर वर्ग नुकते पुन्हा भरायला लागले होते. मुलीला प्रारंभिकच्या, म्हणजे पहिल्या परीक्षेच्या, बॅचमध्ये घेतलं. बाकीच्या आया तेवढ्या तासाभरात भाजी घेऊन यायच्या, खाली कट्ट्यावर गप्पा मारायच्या. ही जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहायची, पाठ भिंतीला आणि तोंड जिन्याकडे. कोण वर येतंय ते दिसायला हवं म्हणून, हे मला फार नंतर समजलं.

महिनाभरानं एक गोष्ट दिसली. आत मुली तत्कार, म्हणजे तालावर पावलं टाकण्याचा रियाज, करत असताना हिची बोटं गुडघ्यावर सोळा मात्रांचा तीनताल धरत होती. पहिल्या मात्रेची सम, टाळी, खाली, टाळी. नवव्या मात्रेला हात बरोबर उलटा पडत होता. विचारलं तर म्हणाली, लहानपणी साताऱ्याकडे शिकत होते. गांधर्व महाविद्यालय मंडळाची 'प्रवेशिका पूर्ण' ही परीक्षा झाली होती. पुढच्या 'मध्यमा'चा फॉर्म भरला आणि त्याच वर्षी लग्न ठरलं. तेव्हा ती बावीस वर्षांची होती.

संसारात काय झालं ते सगळं इथं येणार नाही. तिनं काढायला सांगितलेल्या दोन गोष्टींपैकी एक तीच आहे. नाचाशी संबंध असलेल्या तीन गोष्टी मात्र सांगायला हव्यात.

नवऱ्याला घरात तिच्या पावलांचा आवाज चालत नसे. आधी पैंजण गेले. मग टाच न टेकवता चालायची सवय लागली. रात्री पाणी प्यायला उठली तर फरशीवर पाऊल कसं टाकायचं, कुठल्या दाराची बिजागरी करकरते, सगळं तिला पाठ होतं.

त्याला राग आला की तो तिचं उजवं मनगट धरून पिरगळायचा. एकदा हाड मोडलं. दवाखान्यात तिनं बाथरूममध्ये घसरले म्हणून सांगितलं. मनगट पुरतं सरळ झालंच नाही, थंडीत अजून दुखतं.

आणि सासरी नाचाचा उल्लेख शिवी म्हणून व्हायचा. नाचणारी घरात आणली, हे वाक्य तिनं इतक्यांदा ऐकलं की पुढं स्वतःच्या लेकीला नाचाला घालताना तिचा हात कापला होता.

२०२१मध्ये ती मुलीला घेऊन पुण्याला आई आणि भावाकडे आली. महाराष्ट्रात पोलीस यंत्रणेत महिला व बालकांसाठी 'विशेष कक्ष' आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पुढाकारानं १९८४मध्ये मुंबईत पहिला सुरू झाला. अशाच एका कक्षातल्या समाजसेविकेनं तिला २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा समजावून सांगितला. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत अर्ज झाला, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळाला. त्या वकिलासाठी बाईला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, ही माहिती आमच्या वर्गातल्या एकीलाही नव्हती, म्हणून मुद्दाम लिहिते. त्याच कक्षाच्या ओळखीनं तिचं समुपदेशनही चालू होतं. झोप लागत नसल्यामुळे मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या होत्या.

२०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितलेल्या सुमारे १४ टक्केच. माझ्या मोठ्यांच्या बॅचमध्ये तेव्हा अकरा जणी होत्या. हा आकडा मी कागदावर वाचला आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिले.

अडचण कशी समोर आली

सप्टेंबरमध्ये ती मोठ्यांच्या बॅचला आली. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी दोन. पालक होती तोवर मी तिला अहो-जाहो करत होते. पहिल्याच दिवशी म्हणाली, "आता शिकायला आले ना, मग अगं म्हणा."

पहिल्या आठवड्यात मला वाटलं, चौदा वर्षांची सवय गेली म्हणून अंग जड आहे. तत्कारात तिचा पाय पडत होता, मात्रा चुकत नव्हत्या, पण आवाज येत नव्हता. कथकमध्ये पाऊल सपाट आणि पूर्ण पडायला हवं. शहाबादी फरशीवर अकरा जणींची पावलं वाजत होती आणि बाराव्या जागी शांतता होती. मी म्हणाले, "पाय मार, जीव लावून मार." तिनं आणखी हळू टाकला.

चक्कर, म्हणजे गिरकी, घेताना ती अडायची. दाराकडे पाठ गेली की गती तुटायची आणि ती पटकन मान वळवून दार बघायची. शुक्रवारी तबल्याला दादा यायचे, त्या दिवशी ती कायम शेवटच्या रांगेत, खिडकीपाशी.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या हातून चूक झाली. हस्तक, म्हणजे हातांच्या ठरलेल्या हालचाली, करताना तिचं उजवं कोपर खाली पडत होतं. इतकी वर्षं मी सगळ्यांचं जसं करत आले तसं मागून जाऊन तिचं मनगट धरलं आणि हात वर उचलला. ती खाली बसली. दुसरा हात डोक्यावर, गुडघे पोटाशी. आवाज काहीच केला नाही. मुली थांबल्या. लेहरा, म्हणजे ताल धरून फिरणारी धून, तसाच वाजत राहिला.

आम्ही नाच शिकवणारे विद्यार्थ्याच्या अंगाला विचारून हात लावत नाही. मला माझ्या गुरूंनी तसंच घडवलं. खांदा मागं ढकलून, हनुवटी वर करून, चुकलं तर टिपरीनं पायावर टोचून. त्या हातात माया होती आणि मला ती कळायची. पण तिच्या अंगाला हात कुणाचा हे कळायला वेळच मिळाला नाही. तिच्या समुपदेशकांनी नंतर मला समजावलं : जिवावर बेतलं की माणूस लढतो, पळतो किंवा गोठतो. ज्या घरात लढणं आणि पळणं दोन्ही महागात पडतं तिथं गोठणं हीच सवय होते. पुढं धोका गेला तरी अंगाला ते कुणी सांगितलेलं नसतं. मागून आलेला हात, मनगटावरची पकड, एवढी खूण पुरते. विचार करणारं डोकं जागं व्हायच्या आत अंग आपलं काम करून मोकळं होतं.

पर्याय

त्या संध्याकाळी मी तिला फोन केला, माफी मागितली आणि विचारलं, पुढं काय करायचं? मला वाटलं होतं ती सोडून देईल. ती म्हणाली, "मला सोडायचं नाही. पण मला कळत नाही मी काय करू." तिच्या परवानगीनं मी समुपदेशकांना भेटले. आम्ही तिघींनी बसून चार वाटा मांडल्या.

पहिली, आधी समुपदेशन पूर्ण होऊ द्यावं, नाच नंतर. मला हीच सुरक्षित वाटत होती, कारण त्यात माझ्यावर काही जबाबदारी येत नव्हती. समुपदेशकांनीच ती खोडली. म्हणाल्या, तिच्या आयुष्यात तिनं आपणहून निवडलेली ही पहिली गोष्ट आहे, तीही बरं होईपर्यंत थांबव असं आपण सांगायचं का?

दुसरी, एकटीला शिकवावं. पण बंद खोलीत एका माणसाच्या हुकमावर हालचाल करणं हे तिला नको होतं. तिनंच सांगितलं, चार जणी असल्या की बरं वाटतं, कुणी तरी बघत असतं.

तिसरी, नृत्योपचाराचं रीतसर शिक्षण घेतलेल्या व्यक्तीकडे पाठवावं. ही वाट उत्तम होती आणि आजही मला ती पहिली वाटते. तिला आम्ही नाव-पत्ता दिला. ती एकदा जाऊन आली. तिथं तिला चांगलं वाटलं, पण म्हणाली, "तिथं मी बरी व्हायला जाते. तुमच्याकडे मी कथक शिकायला येते. माझी मध्यमा अर्धवट राहिलेली आहे." हे वाक्य मी कधी विसरणार नाही. रुग्ण म्हणून नाही, विद्यार्थिनी म्हणून तिला कुठंतरी उभं राहायचं होतं.

चौथी, याच बॅचमध्ये, काही गोष्टी बदलून, समुपदेशन आणि गोळ्या चालू ठेवून. ही ठरली. समुपदेशकांची एक अट होती, ती मी वहीत लिहून ठेवली : वर्गात तिला जुन्या गोष्टींबद्दल विचारायचं नाही, आणि नाचातून 'मोकळी' करायला जायचं नाही. माझी समजूत उलटी होती. मला वाटायचं, एकदा भडभडून रडली की हलकी होईल. त्यांनी सांगितलं, तयारी नसताना उघडलेली जखम वर्ग संपल्यावर घरी तिच्यासोबत जाते, आणि तेव्हा तुम्ही तिथं नसता.

काय केलं

हात लावणं बंद केलं, आणि फक्त तिच्यापुरतं नाही. नाहीतर ती वेगळी पडली असती. दुरुस्ती करायची तर मी समोर उभी राहून माझ्या अंगावर दाखवायचे, किंवा विचारायचे, "हात लावू?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा सगळ्या जणी नुसत्याच बघत राहिल्या. एक साठीच्या मावशी आहेत बॅचमध्ये, त्या म्हणाल्या, "मला खांद्याला लावलेलं आवडत नाही, तिथं दुखतं." सहा वर्षं त्या माझ्याकडे शिकत होत्या. सहा वर्षं मी तोच खांदा दाबत होते.

तिच्यासाठी एक खूण ठरवली. रियाजाला सगळ्या ओढणी आडवी घेऊन कमरेला गाठ मारतात. तिनं गाठ सोडून ओढणी दोन्ही खांद्यांवर घेतली की ती थांबणार. कुणी का म्हणून विचारायचं नाही. पहिल्या महिन्यात ती गाठ रोज सुटायची.

दारासमोरची जागा तिची. तबल्याच्या दादांना मी एवढंच सांगितलं की काही दिवस शुक्रवारी लेहरा मशीनवर घेऊ. त्यांनी कारण विचारलं नाही. डिसेंबरात ती स्वतः म्हणाली, दादांना बोलवा, मशीनला जीव नाही.

मग पाय. इथं सगळ्यात जास्त वेळ गेला आणि इथंच सगळ्यात जास्त मिळालं. 'पाय मार' हे शब्द मी वर्गातून काढून टाकले. मारणं हा शब्द आपण किती सहज वापरतो! 'पाय ठेव' म्हणू लागले. तिला सतरंजीवर उभं केलं, तिथं आवाज होणारच नव्हता, त्यामुळे आवाजाची भीतीही नव्हती. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. विलंबित, अगदी धीम्या लयीत, फक्त तळव्याखाली काय लागतंय ते बघत. टाच, चवडा, सतरंजीची शिवण. समुपदेशक तिला घाबरगुंडी उडाली की आजूबाजूच्या पाच वस्तू मोजायला सांगत. तत्कार त्याच जातीची गोष्ट आहे हे तिनंच शोधलं. दोन पाय जमिनीवर, सोळा मात्रा, आणि सम कुठं येणार हे आधीपासून माहीत. "घरात पुढच्या क्षणाला काय होईल ते कधी कळायचं नाही. इथं सोळा झाले की धा येतोच," ती म्हणाली.

दोन आठवड्यांनी ती एक पाय सतरंजीवर आणि एक फरशीवर ठेवून करायला लागली. मग दोन्ही पाय फरशीवर. मी काहीच बोलले नाही.

त्यानंतर घुंगरू. मला घाई झाली होती. शंभर-शंभरची जोडी मी तिच्यासाठी काढूनही ठेवली होती. तिनं हात लावला नाही. तीन आठवडे ती जोडी खिडकीत पडून होती. मग एका शुक्रवारी ती लेकीचीच पंचवीसची जोडी बांधून उभी राहिली. पाऊल टाकलं, छन् झालं, आणि तिनं दाराकडे बघितलं. कुणी आलं नाही. पुन्हा टाकलं. पुन्हा बघितलं. असं बराच वेळ चाललं. बाकीच्या जणी आपापला रियाज करत राहिल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते बरं झालं. शेवटी शेवटी ती दाराकडे बघायची थांबली.

पढंत मात्र पहिल्यापासून तिचा जीव होता. बोल तोंडानं म्हणताना आवाज खणखणीत लागायचा. अंगाआधी आवाज मोकळा झाला, याचं मला अजूनही नवल वाटतं.

पनघट

जानेवारी २०२३मध्ये बॅचला गतभाव, म्हणजे चालीतून आणि हावभावांतून सांगायची गोष्ट, घेतला, पनघटाचा. कथकमध्ये तो सगळ्याच शिकतात. गोपी घागर घेऊन पाण्याला जाते, कृष्ण वाट अडवतो, मनगट धरतो, घागर फुटते. एकच नर्तकी दोन्ही पात्रं करते. पलटा घेतला की कृष्ण, पुन्हा पलटा घेतला की गोपी.

माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. मी आदल्या दिवशी तिला सांगितलं, यात मनगट धरण्याचा प्रसंग आहे, तू नको करूस, बसून बघ. ती म्हणाली, करते. गोपी तिनं छान केली. मनगट सोडवायची धडपड, मान वळवणं, सगळं. माझा जीव भांड्यात पडला. मग पलटा घेऊन तिला कृष्ण व्हायचं होतं. तिनं उजवा हात पुढं केला, बोटं मिटायला लागली, आणि तिथंच ती थांबली. हवेत तसाच हात, कितीतरी वेळ. मग गाठ सोडली आणि ओढणी खांद्यावर घेतली.

नंतर चहा पिताना म्हणाली, "धरून घ्यायला मला भीती नाही वाटली. पण धरणारा हात माझा झाला ना, ते नाही सोसलं."

मी या प्रसंगाची तयारी चुकीच्या बाजूनं केली होती. तिला जो त्रास झाला त्याचीच तिला पुन्हा आठवण होईल, एवढंच मी धरून चालले होते.

पुढं तीन गोष्टी करता आल्या असत्या. तो गतभाव तिच्यापुरता सोडून देणं. माखनचोरीसारखा दुसरा घेणं. किंवा, परंपरेत ही छेड म्हणजे जिवाला लागलेली देवाची ओढ आहे, असं समजावून सांगणं. तिसरं मी थोडं करून पाहिलं. मी तो अर्थ मनापासून मानते, माझ्या गुरूंनी तो मला दिला आहे. तिनं शांतपणे ऐकलं. म्हणाली, "अर्थ बरोबर असेल ताई. हात तोच आहे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि नाही.

त्या दिवसापासून मी अभिनयाच्या धड्यांकडे वेगळ्या नजरेनं बघू लागले. 'नाट्यशास्त्रा'त भरतानं सांगितलेल्या आठ नायिका घ्या. वासकसज्जा त्याची वाट बघत सजते. खंडिता तो दुसरीकडे रात्र काढून आला म्हणून दुखावते. कलहांतरिता भांडून त्याला घालवते आणि मग पस्तावते. आठही जणींची अवस्था 'तो' कुठं आहे यावरून ठरते. घर सोडून आलेल्या बाईला मी कलहांतरिता शिकवायला घेतली असती तर काय शिकवलं असतं? मी तो धडा तिच्या बॅचला त्या वर्षी घेतलाच नाही. तो योग्य निर्णय होता की पळवाट, यावर माझं मन अजून एक होत नाही.

पनघट आम्ही तिच्यावर सोडला. मार्चपर्यंत तिनं नाव काढलं नाही.

कोर्टाची तारीख

फेब्रुवारीच्या शेवटी कोर्टात तारीख होती. मागचं काय काय पुन्हा विचारलं गेलं. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. ती वर्गाला आली आणि नुसती बसून राहिली. इतक्या महिन्यांची प्रगती बघून मला खात्री वाटत होती की पाय हलले की तिला बरं वाटेल. मी म्हणाले, "ऊठ, चार आवर्तनं कर, मोकळी होशील." ती उठली. माझ्या शब्दाखातर उठली. पावलं पुन्हा बिनआवाजी झाली होती.

त्यानंतर तीन आठवडे ती आली नाही.

यात नाचाचा दोष नव्हता. ज्या बाईनं तेरा वर्षं दुसऱ्याच्या मनासारखं उठून उभं राहायचं काम केलं, तिला मी प्रेमानं का होईना, तेच करायला लावलं. तिनं ओढणीची गाठ सोडली नाही, म्हणजे चालेल असं मी समजले. गुरूला नाही म्हणण्याइतकी ती खूण मजबूत नव्हती. हे मला दिसायला हवं होतं.

ती परत आली ती समुपदेशकांनी सांगितलं म्हणून नव्हे, लेकीनं हट्ट धरला म्हणून. आल्यावर तिनं मला सांगितलं, "ताई, त्या दिवशी मला उठायचं नव्हतं." एवढंच. मी म्हणाले, बरं झालं सांगितलंस. वर्षभरात तिनं मला पहिल्यांदा बोलून दाखवलेली नाराजी होती ती.

गुरुपौर्णिमा

जुलैत गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम. माझ्या मनात एक रचना घोळत होती, सोसलेल्या बाईच्या उभं राहण्याची, आणि मधोमध ती. तिला विचारलं. मनात मी पोशाखाचा रंगसुद्धा ठरवला होता. तिनं विचारलं, "लोकांना कळेल का ही माझी गोष्ट आहे?" मी म्हणाले, सांगायचं नाही कुणाला. ती म्हणाली, "मला कळेल ना."

तिनं नकार दिला आणि त्याऐवजी काय करायचंय ते सांगितलं : पनघट. पण त्यात कृष्ण नाही.

साडेतीन मिनिटांचा तो गतभाव तिनं आम्हा सगळ्यांसमोर वर्गातच केला, मंचावर नाही. बाई घागर घेऊन निघते. वाटेत काटा टोचतो, तो काढते. नदीवर जाते, पाण्यात हात घालते, चेहरा धुते. घागर भरते. वजन पेलत, मान सरळ ठेवून, चाल बदलून परत येते. घरी पोचते, घागर उतरवते, पदरानं कपाळ पुसते. वाट कुणी अडवत नाही. तबल्यावर दादा होते. त्यांनी शेवटची तिहाई इतकी हलक्या हातानं वाजवली की घागर टेकल्याचा आवाज आला असं मला वाटलं.

परिणाम

ती 'बरी झाली' असं मी लिहिणार नाही. तिनं काढायला सांगितलेली दुसरी गोष्ट म्हणजे मसुद्यातलं तेच वाक्य. झोप सुधारली, गोळ्यांचा डोस डॉक्टरांनी कमी केला. त्यात समुपदेशनाचा, कोर्टानं दिलेल्या अंतरिम पोटगीचा, भावानं ठेवलेल्या विश्वासाचा आणि नाचाचा वाटा किती-किती, हे वेगळं काढता येणार नाही. बंद लिफ्टमध्ये ती अजून चढत नाही. दावा चालू आहे. मध्यमा प्रथम ती पास झाली, आणि परीक्षेच्या खोलीत पाठ दाराकडे होती हे तिला बाहेर आल्यावर आठवलं.

एक प्रसंग मात्र सांगते. २०२३ला अधिक श्रावण आला होता, त्यामुळे मंगळागौरी सप्टेंबरपर्यंत लांबल्या. आमचा वर्ग मंगळवारचा. मुलींनी टूम काढली, आज कथक नको, खेळ खेळू. झिम्मा झाला, पिंगा झाला. मंगळागौर ही नव्या सवाष्णीची. नवऱ्याचं घर सोडलेल्या बाईला कुणी बोलावत नाही. माहेरी आल्यापासून तिला एकही बोलावणं आलेलं नव्हतं. ती भिंतीशी उभी होती. साठीच्या मावशी पुढं झाल्या, दोन्ही हात आडवे करून समोर धरले आणि विचारलं, "धरू का गं?"

फुगडीत दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरावे लागतात आणि दोघींनी मागं झुकावं लागतं. एकीनं अंग चोरलं तर फुगडी होत नाही. समोरचीनं सोडलं तर पडणार, आणि तरी वजन टाकायचं. तिनं ओढणीच्या गाठीला हात लावला. गाठ सोडायची आहे असं मला वाटलं. तिनं ती आणखी आवळली आणि हात पुढं केले. उजवं मनगट मावशींच्या मुठीत होतं. पायाला पाय लावून दोघी गरगर फिरल्या, शहाबादी फरशी दणाणत होती, आणि लेक कडेला उभी राहून मोठ्यानं मोजत होती.

आज वेगळं काय केलं असतं

तिसऱ्या आठवड्यातली चूक टळली असती. नव्या विद्यार्थिनीच्या फॉर्मवर मी गुडघा, कंबर, रक्तदाब विचारत होते. अंगाला कुठं हात लावलेला चालणार नाही, हे विचारत नव्हते. आता विचारते, आणि कारण लिहायला जागा ठेवलेली नाही, म्हणजे कुणाला सांगायची सक्ती नको.

समुपदेशकांशी मी चूक झाल्यावर बोलले. विशेष कक्षाचा नंबर, महिलांसाठीचा १८१, मानसिक आरोग्यासाठीचा 'टेली-मानस' १४४१६, हे वर्गाच्या भिंतीवर आधीपासून असायला हवे होते. आता मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीत, दाराच्या आतल्या बाजूला आहेत. बाहेर लावलेला कागद उभं राहून वाचायची कुणाची हिंमत होत नाही, हे तिनंच सांगितलं.

ओढणीची खूण मी एकटीनं सुचवलेली होती. ती गुरूच्या हातून आलेली मुभा होती, म्हणून कोर्टाच्या तारखेनंतर ती उपयोगी पडली नाही. आज मी वर्गाच्या सुरुवातीला प्रत्येकीला एकदा तरी कशाला तरी नाही म्हणायला लावते. ही लय नको, आज चक्कर नको, काहीही. छोट्या गोष्टीला नाही म्हणायची सवय असली तर मोठ्या वेळी तोंड उघडतं, असा माझा अनुभव आहे. जुन्या पद्धतीच्या काही शिक्षिकांना यात शिस्त बिघडेल असं वाटतं. माझ्या वर्गात रियाज कमी झालेला नाही.

पनघट मी अजून शिकवते, कृष्णासहित. पण आधी सांगते की यात काय आहे, आणि पलटा घेऊन कोण व्हायचं ते जिचं तिनं ठरवायचं.

गेल्या शुक्रवारी चौदा वर्षांची एक नवी मुलगी आली. हस्तक करताना कोपर खाली पडत होतं. मी समोर गेले आणि विचारलं, "हात लावू?" तिनं मान हलवली. नको. मी माझंच कोपर वर घेतलं, तिनं बघितलं, आणि तिचं कोपर वर आलं.